आईच्या औषधांचा खर्च, जेनेरिकची भीती, आणि मेडिकलमध्ये नक्की काय विचारायचं?

बार्शीचा मुलगा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वाचा आणि माहिती असेल तर सांगा. आई बार्शीला असते, वय ६७, मी पुण्यात नोकरीला. तिला बीपी, शुगर, थायरॉइड तिन्ही, शिवाय दोन वर्षांपासून गुडघे धरलेत. शुगर-बीपीचे डॉक्टर सोलापूरचे, हाडांचे डॉक्टर गावातलेच, दोघांच्या चिठ्ठ्या वेगळ्या आणि महिन्याचं औषधांचं बिल ३५०० च्या खाली काही येत नाही. वडिलांच्या मागे तिला जी पेन्शन मिळते त्यातले बरेच पैसे यातच जातात आणि माझ्याकडून घ्यायला ती तयार होत नाही. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा कळलं की शुगरची गोळी ती दिवसाआड घेतेय, का तर "पाकीट जास्त दिवस पुरतं." हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

मग जनऔषधी केंद्रात (सरकारी योजनेतलं स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान) चौकशी केली, तिथे बऱ्याच गोळ्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतायत. पण नेहमीच्या मेडिकलमध्ये म्हणाले की जेनेरिकने गुण येत नाही, उद्या बीपी वाढलं तर आम्हाला विचारू नका. शेजारच्या काकू तर म्हणतात त्यात नुसता खडू असतो. आता खरं कुणाचं मानायचं? आणि दुसरं म्हणजे काउंटरवर जो मुलगा असतो तो चिठ्ठी बघतो, गोळ्या पिशवीत टाकतो, पैसे घेतो, बस. त्या दुकानात फार्मासिस्ट कोण हेच आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नाही. फार्मासिस्टचं काम नक्की काय असतं आणि आपण त्याला काय काय विचारू शकतो?

काउंटरच्या आतून (संगमनेर)

दादा, माझं स्वतःचं मेडिकल आहे, बी. फार्म. करून १४ वर्षं काउंटरवरच उभा आहे, तर थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, जेनेरिक-बिनेरिक नंतर बघू, सोलापूरच्या डॉक्टरांना फोन करून सांगा की शुगरची गोळी मध्ये दिवसाआड चालू होती. हे लपून राहिलं तर काय होतं बघा, पुढच्या तपासणीला शुगर वाढलेली दिसणार, डॉक्टरांना वाटणार गोळी कमी पडतेय, ते डोस वाढवणार, आणि तुम्ही दटावल्यावर आई जर तो वाढलेला डोस रोज घ्यायला लागली तर शुगर एकदम खाली येऊ शकते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर जास्तच भीती. रात्री घाम सुटून, हातपाय थरथरून पडलेल्या आज्या मी पाहिल्यात, घरच्यांना वाटतं हार्टचं काहीतरी झालं.

आता जेनेरिक. आपल्याकडे ज्याला आपण ब्रँड म्हणतो तीही बहुतेक वेळा पेटंट संपलेली औषधंच असतात, म्हणजे ती पण जेनेरिकच, फक्त कंपनीने नाव देऊन, एमआर म्हणजे डॉक्टरांकडे जाणारे कंपनीचे प्रतिनिधी फिरवून विकलेली. बीपीची टेल्मिसार्टन ४० म्हणजे टेल्मिसार्टन ४०, पाकिटावर मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असो, खालच्या बारीक अक्षरातलं नाव वाचायची सवय लावा. खडूची गोष्ट काढून टाका डोक्यातून. जनऔषधीसाठी डब्ल्यूएचओ-जीएमपी (औषध बनवण्याच्या दर्जाचे नियम) प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांकडून माल घेतात आणि प्रत्येक बॅच प्रयोगशाळेत तपासल्यावरच बाहेर पडते असा नियम आहे. योजना २००८ पासून चालू आहे, आता देशात १५००० च्या वर केंद्रं झालीत. त्यांची खरी अडचण दर्जाची नाही, मालाची आहे, आज असलेली गोळी पुढच्या महिन्यात नसते. म्हणून पाकीट संपायच्या आठ-दहा दिवस आधीच जायचं.

दर्जाची भीती मात्र सगळीच खोटी असं मी म्हणणार नाही. १९८६ ला मुंबईत जे. जे. मध्ये भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ पेशंट गेले होते, चौकशीला लेंटिन आयोग बसला होता, आमच्या सरांनी वर्गात हे शिकवलं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या सिरपने लहान मुलं गेली, त्यातली बरीच उपचारासाठी नागपूरला आणलेली. विष तेच, डायएथिलिन ग्लायकॉल. पण ते सिरप ब्रँडच्या नावानेच विकलं जात होतं हे लक्षात घ्या. कारखान्यात कच्चा माल तपासला का, हा प्रश्न असतो. ब्रँड की जेनेरिक यावरून ते ठरत नाही.

आता पैशाचं, आणि हे आमच्या धंद्यातले लोक सहसा सांगत नाहीत. "जेनेरिक" नावाने बाजारात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक जनऔषधीची, तिची छापील किंमतच कमी. दुसरी म्हणजे कंपन्या थेट दुकानदाराला देतात ती, आम्ही तिला ट्रेड जेनेरिक म्हणतो, तिच्यावर एमआरपी ब्रँडच्या जवळपासच छापलेली असते पण आम्हाला ती फार स्वस्तात पडते. एखादा दुकानदार छापील किमतीतले साठ-सत्तर टक्के गिऱ्हाईकाला सोडतो, एखादा दहा टक्के सूट देऊन उपकार केल्यासारखं करतो आणि बाकी खिशात घालतो. त्यामुळे "किती टक्के सूट" हे विचारूच नका, "एका गोळीला किती पडली" हे विचारा. एनपीपीए या औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं फार्मा सही दाम नावाचं अ‍ॅप आहे, त्यात कमाल किंमत आणि त्याच औषधाचे बाकीचे ब्रँड दिसतात. चिठ्ठीतलं एकेक नाव टाकून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

एक गोष्ट मात्र आम्ही करू शकत नाही. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर शेड्यूल एचची, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची गोळी आम्ही आमच्या मनाने दुसऱ्या ब्रँडची देऊ शकत नाही, आतलं औषध अगदी तेच असलं तरी. ड्रग्ज रूल्सचा ६५ (११ अ) नियम आहे. म्हणून चिठ्ठी लिहून घेतानाच डॉक्टरांना सांगायचं, साहेब औषधाचं मूळ नाव लिहा, जनऔषधीतून घेणार आहे. लाजायचं नाही त्यात.

आणि फार्मासिस्ट कोण हे विचारायचा पूर्ण हक्क आहे तुम्हाला. दुकानात लायसन्स आणि फार्मासिस्टचं नाव लावलेलं असतं, चिठ्ठीवरचं औषध त्याच्या देखरेखीखालीच द्यायचं हा कायदा आहे, आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पेशंटला समजावून सांगणं हे आमच्या कामातच धरलंय. पांढरा कोट आणि नावाची पट्टी पण त्यातच आहे. आईच्या सगळ्या गोळ्या, घरात पडलेल्या जुन्या सुद्धा, काढ्याच्या बाटल्या सुद्धा, एका पिशवीत घालून दुपारी तीन-चारच्या सुमारास जा, तेव्हा गर्दी नसते. गुडघ्यासाठी नक्की कुठली गोळी चालू आहे ते बघून इथे लिहा, मला तिचीच काळजी जास्त वाटतेय.

आत्याची भाची

वरच्या दादांनी लिहिलंय त्यातलं पिशवीचं मनावर घ्या. आमच्या घरातलं सांगते.

आत्याला संधिवात, हातापायाची बोटं वाकडी व्हायला लागली म्हणून डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. चिठ्ठीवर तसं होतं पण अक्षर असं की आम्हाला वाचता येईना, आणि ज्या दुकानातून घेतली तिथल्या मुलाने पाकिटावर पेनाने "१-०-०" लिहून दिलं, म्हणजे रोज सकाळी एक. आत्या बिचारी शिस्तीची, एक दिवस चुकवला नाही. नवव्या दिवशी तोंडात इतके फोड आले की पाणी गिळता येईना, मग ताप. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी पार खाली. १३ दिवस दवाखान्यात होती. वाचली, पण डॉक्टर म्हणाले अजून दोन-तीन दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

बरी झाल्यावर आम्ही दुकान बदललं. आता जिथून घेतो तिथल्या फार्मासिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी आत्याला खुर्ची दिली आणि विचारलं, काकू तुमचा उपवासाचा वार कुठला? आत्या म्हणाली सोमवार. मग ताई म्हणाल्या की ही गोळी गुरुवारची, उपवासाच्या दिवशी नको, आणि पाकिटावर लाल स्केचपेनने मराठीत लिहिलं, "फक्त गुरुवारी". सोबतच्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीच्या पाकिटावर डॉक्टरांनी दिला होता तो वार. एकावेळी चारच गोळ्या देतात, महिन्याच्या. दर वेळी विचारतात, तोंड आलंय का, ताप आहे का, रक्त कधी तपासलं. या सगळ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत हो. पहिल्या दुकानात ती पाच मिनिटं मिळाली असती तर आत्याचे ते दिवस टळले असते.

ओपीडीतून (लातूर)

मी एमडी मेडिसिन, दुसऱ्या बाजूने लिहितो. अक्षराबद्दल आम्हा डॉक्टरांची चूक मान्य आहे, जेनेरिक नाव स्वच्छ आणि शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा असं २०१६ पासून आमच्या नियमात आहे आणि बरेच जण पाळत नाहीत.

बार्शीकर, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या जनऔषधीच्या घ्यायला काहीच हरकत नाही, मी माझ्या वडिलांना देतो. बदलल्यावर पंधरा दिवस बीपी घरी मोजा, एक शुगर करा, मनातली शंका जाईल. थायरॉइडच्या गोळीला मात्र एक पथ्य, दर महिन्याला कंपनी बदलू नका. या गोळीत थोड्या फरकानेही परिणाम होतो, म्हणून एक कंपनी धरली की तीच ठेवा, बदललीच तर सहा आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. फिटच्या गोळ्या आणि रक्त पातळ करायचं वॉरफरिन, यांचंही तसंच.

आणि संगमनेरच्या मित्राला एक विनंती. तुमच्यासारखे लोक चांगलं काम करतात पण काउंटरवरून अ‍ॅझिथ्रोमायसिन तीन दिवस, सेफिक्झिम दोन दिवस असं देणं अजून चालूच आहे. माझ्याकडे येणारा प्रत्येक तापाचा पेशंट आधीच काहीतरी अँटिबायोटिक खाऊन आलेला असतो, कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) केलं तर काही उगवत नाही, आणि पुढची औषधं महाग महाग होत जातात. स्वस्त उपचाराचं बोलायचं तर हा खर्च पण त्यातच धरा.

काउंटरच्या आतून (संगमनेर)

डॉक्टर, बरोबर बोललात. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच १ ही बऱ्याच अँटिबायोटिकसाठीची जास्त कडक यादी लागू आहे, पाकिटावर लाल पट्टी असते, डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या हे वेगळ्या रजिस्टरला लिहून तीन वर्षं जपायचं. मी लिहितो. पण खरं सांगतो, मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं आणि तिथे मिळते, आणि पुढच्या वेळी बीपीच्या गोळ्याही तिकडूनच घेतं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं फार जड गेली. आता लोकांना कळलंय की हा माणूस उगीच नाही म्हणत नाही. खोकल्याला दोन आठवडे झाले असतील तर मी सिरप देतच नाही, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला पाठवतो. टीबीच्या गोळ्या घेणाऱ्याची नोंद कळवणं तर २०१८ पासून आम्हालाही बंधनकारक आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी आहे, नंदुरबार जिल्हा. आमच्याकडे पैशाचा प्रश्न तसा नाही, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून औषधापर्यंत सगळं मोफत आहे. आमचा प्रश्न वेगळा. बाजाराच्या दिवशी खिडकीसमोर दीडशे माणसं असतात, मी एकटा, आणि निम्म्यांना मराठीही नीट येत नाही, पावरी बोलतात. दिवसातून दोनदा म्हटलं तर मान डोलवतात आणि घरी जाऊन सगळ्या एकदम खातात, लवकर बरं व्हायला.

म्हणून मी कागदी पुडीवर चित्र काढतो. डोंगरातून वर येणारा सूर्य म्हणजे सकाळ, डोक्यावरचा म्हणजे दुपार, चंद्रकोर म्हणजे रात्र, आणि चित्राखाली जितके ठिपके तितक्या गोळ्या. मग पुडी त्यांच्याच हातात देऊन म्हणतो, आता तू मला सांग कधी घेणार. त्यांनी उलट सांगितलं की समजायचं पोचलं. लोहाच्या गोळ्या देताना प्रत्येक गरोदर बाईला आधीच सांगून ठेवतो की संडास काळी होईल, घाबरायचं नाही. हे नाही सांगितलं तर गोळ्या थेट नाल्यात जातात, मी स्वतः आश्रमशाळेमागच्या नाल्यात लाल गोळ्यांची पाकिटं बघितलीत.

आणि जुलाबाचं. झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम घालायचं, ग्लासात थोडं थोडं नाही. मी खिडकीत एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली ठेवलीय, तीच दाखवतो. शहरातल्या लोकांनी पण हे वाचा, कारण ओआरएस म्हणून जी गोड फळांच्या चवीची खोकी विकली जात होती त्यावर ते नाव लावायला एफएसएसएआय या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली. जुलाब लागलेल्या बाळाला जास्त साखरेचं पाणी दिलं तर जुलाब वाढतात.

लेस्टरहून

मूळची साताऱ्याची, इथे इंग्लंडमध्ये फार्मासिस्ट आहे. इकडे ३१ जानेवारी २०२४ पासून फार्मसी फर्स्ट सुरू झालंय, घसा, कान, सायनस, बायकांची लघवीची जळजळ, नागीण असल्या सात तक्रारींसाठी पेशंट थेट आमच्याकडे येतो, आतल्या छोट्या खोलीत तपासतो, नियमात बसत असेल तर अँटिबायोटिकही आम्हीच देतो, आणि बसत नसेल तर का देत नाही ते समजावतो. नवीन बीपीची गोळी सुरू झाली की दोन आठवड्यांच्या आत आम्ही फोन करून विचारतो, घेताय ना, काही त्रास? निम्मी माणसं तेव्हाच सांगतात की चक्कर येते म्हणून बंद केली, आणि हे ती डॉक्टरांना कधीच सांगत नाहीत. फरक एवढाच की इथे त्या बोलण्याचे पैसे सरकार फार्मसीला देतं. आपल्याकडे फार्मासिस्टला फक्त पाकीट विकल्याचे पैसे मिळतात, समजावल्याचा एक रुपया नाही. मी साताऱ्यात दोन वर्षं काउंटरवर होते, तेव्हाही हेच खुपायचं.

पंचगंगा

सगळं वाचलं, चांगलं आहे, पण एक कुणी बोललं नाही. कितीतरी दुकानांत ज्याचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे तो माणूस तिथे कधी दिसतच नाही. माझ्या ओळखीत एकाचं सर्टिफिकेट महिन्याला ठरलेल्या रकमेवर एका दुकानात लटकलंय आणि तो स्वतः दुसऱ्या शहरात भलतीच नोकरी करतो. दोन-चार वर्षं शिकून, ५०० तासांचं ट्रेनिंग करून मग सर्टिफिकेट भाड्याने द्यायचं? आत्यांच्या बाबतीत जे झालं तसं अशाच दुकानांत होतं. तपासणी करणाऱ्यांनी हे बघायला पाहिजेच, पण आपण गिऱ्हाइकांनीही विचारायला पाहिजे, भिंतीवर नाव आहे ते कोण, कुठे आहेत.

काउंटरच्या आतून (संगमनेर)

खरं आहे, आणि आमच्या पेशाला याच्याइतकी लाज आणणारी दुसरी गोष्ट नाही. विचारा, जरूर विचारा. आणि कुठल्याही औषधाने अंगावर पुरळ, सूज, काही विचित्र झालं तर १८०० १८० ३०२४ वर कळवता येतं, औषधांच्या दुष्परिणामांची सरकारी हेल्पलाइन आहे, पेशंट स्वतः फोन करू शकतो.

बार्शीचा मुलगा

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गेलो होतो, सांगतो काय झालं.

आईने आधी पिशवी द्यायलाच नकार दिला, म्हणे लोक काय म्हणतील. मग देवघराच्या खालच्या कप्प्यातून, फ्रिजच्या वरून, तिच्या पर्समधून सगळं गोळा केलं, एकूण २३ पाकिटं आणि दोन बाटल्या निघाल्या. दुसऱ्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट स्वतः बसतात असं कळलं म्हणून तिकडे गेलो, दुपारी साडेतीनला. त्यांनी सगळं काउंटरवर मांडलं आणि बारीक अक्षरातली नावं वाचत दोन-दोनचे गठ्ठे करायला लागले. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत एसेक्लोफेनॅक, आणि आई वरून स्वतःच्या मनाने जी "गुडघ्याची पिवळी गोळी" घेत होती ती डायक्लोफेनॅक. दोन्ही एकाच जातीच्या वेदनाशामक गोळ्या, रोज, सहा-सात महिने, बीपीच्या टेल्मिसार्टनसोबत. त्यांनी विचारलं काकू पायावर सूज येते का? आईने साडी जरा वर घेतली, घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडला. मला हे कधी दिसलंच नव्हतं. त्यांनी तिथूनच हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला, पिवळी गोळी तर त्यांनी विकायलाच नकार दिला, आणि किडनीची तपासणी करून घ्या म्हणाले. क्रिएटिनिन १.५, म्हणजे जास्त, आलंय. डॉक्टरांनी दोन्ही बंद करून सध्या पॅरासिटामॉल आणि व्यायाम दिलाय, महिन्याने परत तपासणार.

दुसरं म्हणजे थायरॉइडची गोळी ती चहासोबत आणि कॅल्शियमही तेव्हाच घेत होती. आता थायरॉइडची उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. कंपनी तीच ठेवलीय. सोलापूरच्या डॉक्टरांनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं, डोस वाढवला नाही, बाकीची चिठ्ठी मूळ नावांनी लिहून दिली. या महिन्याचं बिल १२८० झालं, त्यात जनऔषधी आणि मेडिकल दोन्ही धरून. आईने पावती दोनदा वाचली.

एक शेवटचं विचारायचं राहिलं, त्या पिशवीतली नऊ पाकिटं तारीख उलटलेली निघाली, ती कुठे टाकायची?

काउंटरच्या आतून (संगमनेर)

बरं झालं वेळेत कळलं दादा. सूज आणि क्रिएटिनिनचं एक दिवसही मागे टाकू नका. जुनी पाकिटं घंटागाडीत तशीच टाकू नका, कचरा वेचणाऱ्या पोरांच्या हातात जातात. त्या फार्मासिस्टना विचारा, बरेच जण घेतात, माझ्याकडे एक डबाच ठेवलाय त्यासाठी, माझ्या एक्सपायरी मालाबरोबर तो पण जातो.